सीपीयू म्हणजे डबा नव्हे

चुकीचा शब्द कानावर पडला, की माझ्या जिभेला खाज सुटते. अंबड तालुक्यातल्या आमच्या छोट्या शाखेत काउंटर एकच आणि त्याखालच्या डब्याला सगळे 'सीपीयू' म्हणत. आता सीपीयू म्हणजे त्या डब्याच्या पोटातली, मारी बिस्किटाहूनही लहान अशी चिप. डबा तो कॅबिनेट! डब्याला सीपीयू म्हणणे म्हणजे अख्ख्या बँकेला कॅशियर म्हणण्यासारखे. हे मी शिपायापासून मॅनेजरसाहेबांपर्यंत सर्वांना समजावून सांगितले. परिणाम एवढाच झाला, की चहाला मला कुणी बोलवेना.

एका सोमवारी डबा बंद पडला. तक्रार लिहायचे काम अर्थातच माझ्याकडे. मी शुद्ध भाषेत लिहिले, 'कॅबिनेट नादुरुस्त. त्वरित माणूस पाठवावा.'

माणूस बुधवारी आला. हातात पक्कड, तेलाची बुधली. म्हणाला, "साहेब, कपाट कोणतं?"

तीन दिवस एक आजी श्रावणबाळ योजनेच्या पैशांसाठी एस.टी.चे अर्धे तिकीट काढून रोज येत होत्या. ओट्यावर बसून विचारीत, "लेकरा, उठला का रं तुमचा डबा?" त्यांचे औषध संपले होते.

निवृत्तीला आलेले हेडक्लार्क मला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, 1983 साली बँका आणि युनियनमध्ये यंत्रांचा करार झाला ना, तेव्हा 'कॉम्प्युटर' म्हटलं की नोकऱ्या जाणार म्हणून पोटात गोळा यायचा. म्हणून मग आलेल्या यंत्राला नाव दिलं 'ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन'. होता कॉम्प्युटरच! पण चुकीच्या नावानं का होईना, काम सुरू झालं. तुमच्या बरोबर नावानं ते थांबलंय."

मी निमूटपणे दुसरी तक्रार लिहिली, 'सीपीयू बंद.' लिहिताना दाढ दुखावी तसे झाले. पण गुरुवारी सकाळी दहाला तंत्रज्ञ हजर! डबा उघडून म्हणाला, "सीपीयू ठणठणीत आहे साहेब. पॉवर सप्लाय गेलाय."

म्हणजे मीच बरोबर होतो! ही आनंदवार्ता कुणाला सांगावी म्हणून मी मान वर केली. समोर आजी थुंकी लावून नोटा मोजत होत्या.

"झाला का रं नीट डबा?"

सीपीयू, कॅबिनेट, पॉवर सप्लाय सगळे जिभेच्या टोकाशी आले. मी आवंढा गिळला.

"झाला आजी. डबाच बिघडला होता."

त्या दिवशी चहाला मला बोलावणे आले.