मावशी आणि पाहुणे

आमच्या घरांत एक समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती अशी, कीं इंग्रजी भाषा ही आपल्या संस्कृताची लेक. कै. तीर्थरूप आम्हांस मांडीवर घेऊन 'मातृ' तें 'मदर', 'दुहितृ' तें 'डॉटर', 'नाम' तें 'नेम' असें घोकून घेत. तीच घोकंपट्टी आम्हीं पुढें मुलांकडून व आतां नातवंडांकडून करून घेतली. गेल्या महिन्यांत आठवींतल्या आमच्या नातीनें तें सारें शाळेंतल्या निबंधांत उतरविलें, आणि बाईंनीं त्यावर तांबडी रेघ मारली. नात घरीं आली ती रडत नव्हती. ती एवढेंच म्हणाली, "आजोबा, तुम्ही सांगितलेंत म्हणून मी लिहिलें." रडली असती तर बरें, असें आम्हांस वाटून गेलें.

प्रथम राग आला तो अर्थातच बाईंचा. परंतु सूनबाईंनीं "एकदां पाहून तरी घ्यावें," असें हळूच सुचविलें, म्हणून आम्हीं कपाटांतील पुस्तकें खालीं काढलीं. सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास दिलेल्या व्याख्यानांत संस्कृताची थोरवी गाइली, हें आम्हांस मुखोद्गत होतें. मात्र त्याच विधानाचा उत्तरार्ध आम्हीं कधीं मन लावून वाचला नव्हता! संस्कृत, ग्रीक व लॅटिन या तिन्ही भाषा एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात, आणि ती मूळ भाषा कदाचित् आज उरलीही नसेल, असा त्याचा आशय आहे. म्हणजे या तिघी बहिणी. जर्मन, डच, इंग्रजी या भाषांची आईही त्यांचीच एक बहीण. तेव्हां संस्कृत ही इंग्रजीची आई नव्हे, मावशी! माय मरो आणि मावशी जगो असें म्हणणाऱ्या आम्हां मराठी माणसांना यांत कमीपणा वाटण्याचें कारण तरी काय?

याची खूणही मोठी मौजेची आहे. पितृ-फादर, पाद-फूट, पंच-फाइव्ह. आपल्या 'प'च्या जागीं इंग्रजींत नेमानें 'फ' येतो. द्वि-टू, दंत-टूथ, दश-टेन. 'द'च्या जागीं 'ट'. परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकीं थोरला जो याकोब, त्यानें हा नियम १८२२ सालीं मांडला. आतां, मिऱ्यास इंग्रज 'पेपर' म्हणतो, तो शब्द आपल्या 'पिप्पली'चा. त्यांत 'प' कायम आहे, कारण तो जन्मानें घरांतला नव्हे. व्यापाऱ्यांच्या गाठोड्यांतून ग्रीस-रोममार्गें गेलेला तो पाहुणा आहे. 'शर्करा' इराणी, अरब व फ्रेंच यांच्या घरीं मुक्काम करीत 'शुगर' झाली. 'नारंग' त्याच वाटेनें निघाला, आणि युरोपांत त्याचा आरंभींचा 'न' गळून 'ऑरेंज' उरला. शिवाय मुळांत तो संस्कृतांतही द्राविडी भाषांतून आला असावा असें जाणते म्हणतात. आपल्या मराठीनें दिलेला पाहुणा म्हणजे 'मुंगूस'. तो मात्र 'मंगूस' होऊन आहे तसा बसला आहे.

इंग्रजीची पुढील कथा वाचतांना आम्हांस राहून राहून आमच्याच शहराची आठवण होऊं लागली. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें, आणि पुढें सुमारें तीनशें वर्षें दरबार व न्यायासन यांची भाषा फ्रेंच झाली. भाकरी, दूध, घर, आई-बाप यांचे शब्द जुनेच राहिले. 'कोर्ट', 'जज्ज', 'जस्टिस' हे फ्रेंचांतून आले. न्यायालयांतील वाद इंग्रजींत चालावे असा कायदा १३६२ सालीं झाला, आणि तो कायदाच फ्रेंचांत लिहिलेला होता!

आमचे आजोबा निजामाच्या राजवटींत येथल्या अदालतींत कारकून होते. १९४८ पर्यंत हें छत्रपति संभाजीनगर, तेव्हांचें औरंगाबाद, त्या राज्यांत होतें. पहाटे देवघरांत संस्कृत, माजघरांत मराठी, आणि दहा वाजतां शेरवानी चढविली कीं उर्दू, असा त्यांचा दिनक्रम. 'वकील', 'दावा', 'फिर्याद', 'जामीन', 'तारीख' हे आमचे आजचे शब्द त्याच अदालतींच्या दारांतून घरांत शिरलेले. त्यांवांचून आमच्या वांटणीचें भांडणदेखील झालें नसतें.

आजोबांचा एक इंग्रजी-उर्दू कोश माळ्यावर पडून होता. मौलवी अब्दुल हक यांनीं संपादिलेला हा कोश १९३७ सालीं याच शहरांत छापला गेला. घरांत आतां ती लिपी वाचणारें कोणी नाहीं. म्हणून आम्ही तो घेऊन शेजारच्या वृद्ध मास्तरसाहेबांकडे गेलों. त्यांनीं 'नेम' काढून वाचलें: नाम. 'ब्रदर'पुढें बिरादर. आम्ही चकित झालों. उर्दूंत हे शब्द फारसीचे, आणि फारसी तर संस्कृताची अगदीं जवळची नातलग. तीन दारांतून एकच माणूस बाहेर यावा तसें झालें.

मास्तरसाहेबांनीं समासाकडे बोट दाखविलें. 'नाम'पुढें शिसपेन्सिलीनें, आजोबांच्या बाळबोध अक्षरांत, लिहिलें होतें: 'भगिनी?'

आजोबांनीं प्रश्न विचारला होता. त्यांतलें प्रश्नचिन्ह तीर्थरूपांनीं गाळलें, आणि भगिनीची माता कधीं झाली तें आम्हीं कधीं विचारलेंच नाहीं.

त्या रात्रीं पंगत बसली असतां सर्वांदेखत आम्हीं नातीस सांगितलें, कीं चूक तुझी नव्हे, आमची. तुझ्या बाईंचें बरोबर आहे. थोरले चिरंजीव पानाकडे पाहत राहिले. नातीनें मात्र कोश मागून घेतला, तें पान बराच वेळ न्याहाळलें, आणि विचारलें, "आजोबा, मग 'शेरवानी' पाहुणी कीं नात्यांतली?"

आम्हांस सांगतां येईना. उद्यां मास्तरसाहेबांकडे जाऊं, असें म्हटलें.