कोहमाऱ्याचा चौक आणि संवाहनकला

गोंदिया जिल्ह्याच्या नकाशावर कोहमारा शोधावयाचें असेल, तर नदी किंवा डोंगर धुंडूं नये, रस्ते पाहावे. भंडारा-साकोलीकडून येऊन देवरीमार्गें रायपुराकडे जाणारा राजमार्ग, पूर्वीचा ६ क्रमांकाचा व आतांचा ५३, येथें गोंदिया-गोरेगांवकडून उतरणाऱ्या रस्त्यास भेटतो; तो रस्ता पुढें दक्षिणेस नवेगांवबांधाकडे जातो. शेजारच्या अर्जुनीला तर 'सडक' हें उपपदच चिकटलें आहे. मोरगांव-अर्जुनीहून ती निराळी ओळखूं यावी, हा हेतु. कै. मारुती चितमपल्ली यांचे लेख वाचून नवेगांवच्या सरोवराची ओढ लागलेले प्रवासीहि या चौकांत चहा घेतात आणि निघून जातात.

आमचा मात्र येथें एका केशकर्तनालयांत दोन तास मुक्काम झाला. मालमोटारींचे चालक तेथें दाढीपेक्षां मालिशीसाठींच अधिक येतात. दुकानांत दोघे कारागीर: वृद्ध चुलता आणि नागपुरास सहा महिने शिकून आलेला पुतण्या. चुलत्यास चारच हात ठाऊक: चोळणें, मळणें, दाबणें आणि थोपटणें. पुतण्यास पंधरा-सोळा येतात. कांहीं केरळी, कांहीं थाई आणि कांहींचीं नांवें त्यालाहि नीट उच्चारतां येत नाहींत. एका गिऱ्हाइकावर यांतले किती वापरावे, यावरून दोघांत रोजची चकमक.

पुतण्याचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. एकच हात अर्धा तास फिरविला, तर गिऱ्हाईक म्हणतें, एवढें तर माझा क्लीनरहि करील, पैसे कशाचे? चुलता तेलाची वाटी कोमट करीत म्हणाला, "गुरुजी, हात बदलला का आंग जागं होते. मग झोप कायची येते जी!"

हें वाक्य ऐकून आम्हांस सुश्रुताचें चिकित्सास्थान आठवलें. आमच्या पूर्वाचार्यांना प्रकारांचें वावडें नव्हतें. अभ्यंग, उद्वर्तन, उत्सादन, उद्घर्षण असे भेद सुश्रुतानें केले; प्रत्येकाचें फल वेगळें सांगितलें. मृच्छकटिकांतील संवाहक तर कला म्हणून शिकलेली ही विद्या पुढें पोटासाठीं विकूं लागला, असें शूद्रकानें दाखविलें आहे. परंतु टीकाकार डल्हणानें दिलेला हिशेब याहून मार्मिक आहे. तेल केसांच्या मुळाशीं पोंचण्यास ३०० मात्रा, त्वचेस ४००, रक्तास ५००, मांसास ६००, मेदास ७००, अस्थीस ८०० आणि मज्जेस ९००. मात्रा सेकंदाच्या तृतीयांशाएवढी धरली, तर मज्जेपर्यंत पांच मिनिटें होतात. तेल मज्जेपर्यंत जातें, हें आजच्या शरीरशास्त्रास मान्य होणार नाहीं; पण हा हिशेब हाताला एके जागीं थांबावयास लावतो. तीस तीस सेकंदांनीं युक्ति बदलणाऱ्याचें तेल डल्हणाच्या मतें केसांच्या मुळाशींहि गेलें नाहीं!

पश्चिमेकडेहि फारसें वेगळें नाहीं. अॅमस्टरडॅमचा डॉक्टर योहान मेझगर (१८३८–१९०९) याच्या संप्रदायानें रूढ केलेल्या क्रिया मूळ चारच: हलका हात फिरविणें, मळणें, घासणें, थोपटणें. त्यांची फ्रेंच नांवें आजहि शिकविलीं जातात. आमच्या वृद्ध कारागिराला फ्रेंच येत नाहीं, एवढाच काय तो फरक.

मग चारांतहि निवड कशी करावी? येथें म्हाताऱ्याची खरी विद्या दिसली. गिऱ्हाईक बाकावर बसतांच तो दोनच प्रश्न विचारतो: किती वेळापासून गाडी हांकतां, आणि पुन्हां कधीं बसणार? ज्याला लगेच निघावयाचें आहे, त्याच्या खांद्यांवर व मानेवर तो भराभर हात बदलतो, थोपटतो, डोक्यावर चंपी करतो आणि तोंडावर पाणी मारावयास सांगतो. ज्याला तीन-चार तास विश्रांति आहे, त्याच्या पाठीवर कंबरेपासून खांद्यापर्यंत एकच संथ हात. कळ कंबरेंतून पायांत उतरते असें कोणी म्हटलें, तर तो हातच लावीत नाहीं. डॉक्टराकडे पाठवितो, आणि त्या दिवसाचे पैसे बुडतात.

आमच्या मतें पुतण्याच्या पंधरा युक्त्यांना जागा आहे. ती शहरांत, जेथें गिऱ्हाईक घरीं जाऊन निजणार आहे. येथें निर्णय चुकला, तर अर्धवट सुस्तावलेला माणूस वीस टनांचा बोजा घेऊन देवरीच्या जंगलांतून जाणार. हें आम्हीं पुतण्यास बोलून दाखविलें. "पण काका, तेवढंच येतं असं लोक समजतात ना!" तो म्हणाला. त्याचा प्रश्न खोटा नव्हता, आणि आम्हांजवळ त्यास उत्तरहि नव्हतें. चुलत्यानें मात्र काढलें. दर युक्तीवर न ठेवतां वेळेवर ठेवावा, आणि झोंपलेल्या गिऱ्हाइकास ठरल्या वेळीं उठविण्याचें काम दुकानानें अंगावर घ्यावें.

चार वाजतां ओडिशाकडे निघावयाचा एक चालक तेव्हां बाकावर पालथा पडला होता. पुतण्याचा हात त्याच्या पाठीवरून एकाच लयींत फिरत होता. मधूनच बोटें वळवळत, आणि चुलता खाकरला कीं पुन्हां सरळ होत. चालक घोरूं लागला. पुतण्यानें भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलें आणि खडूनें आरशाच्या कोपऱ्यांत ४ हा आंकडा मोठा करून लिहिला.