घराखालची जमीन

वाशीला राहायला आलो तेव्हा सदनिकेच्या कागदपत्रांतील 'भाडेपट्टा' हा शब्द वाचून वडील थबकले. वसईच्या वाडीत वाढलेल्या त्या माणसाला घराखालची जमीन आपली नाही, हे काही केल्या पटेना.

ती कुणाची होती, हे पुढे शेजारच्या गावातील एका आगरी वृद्धाकडून कळले. १९७० पासून पंचाण्णव गावांतील जमिनी नव्या शहरासाठी संपादित होऊ लागल्या. तेव्हा मालमत्तेचा हक्क मूलभूत होता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो त्या यादीतून निघाला व कलम ३००-अ मध्ये आला : कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता हिरावली जाणार नाही. म्हणजे कायद्याने घेता येईल! घटना राज्यकर्त्यांचे हात बांधते खरी. परंतु गाठ सैल करण्याची सोयही तिच्यातच आहे.

जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई परिसरात गोळीबार झाला, पाच जण मृत्युमुखी पडले. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्यानंतरची.

मी त्या वृद्धांना कलमे समजावू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, "कायदा होताच रे बाबा. आम्हांला कुणी विचारले?"

घरी येऊन मी वडिलांना हे सांगितले. त्यांनी कपाटातून भाडेपट्टा काढला आणि पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतला.