परतीची वेळ

नगर जिल्ह्यात वाढणाऱ्या माणसाचा डोंगर वयाबरोबर बदलत जातो. शाळेत तो भूगोलातला आकडा असतो : कळसूबाई, १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, आणि ते आपल्याच जिल्ह्याच्या अकोले तालुक्याच्या सीमेवर. विशीत तो चढायचा असतो. सह्याद्री पुरेनासा झाला की डिसेंबर-जानेवारीत मित्रांचा कंपू उत्तराखंडात केदारकंठ्याच्या बर्फाकडे निघतो. पुढे संसार, शेती, नोकरी यांत डोंगर मागे पडतो आणि उतारवयात पुन्हा समोर येतो, पण खालून दिसणारा : यंदा त्याच्यावर गवत किती, त्याच्या पोटातून विहिरीला पाणी किती. वयाच्या या सगळ्या टप्प्यांवर डोंगराची मागणी मात्र एकच असते, असं मला वाटतं : वेळीच स्वतःला आवर घालण्याची. धीर एखाद्याला एकट्यानेही गोळा करता येतो. सोबती लागतात ते आवर घालायला. आणि हा आवर माथा जवळ आल्यावर सुचत नाही, तो पायथ्याशीच ठरवून घ्यावा लागतो.

हिवाळ्यातला बर्फाचा डोंगर हे सर्वांत कठोरपणे शिकवतो. दिवस लहान असतो. पहाटे बर्फ घट्ट असतो, बुटांखालचे काटे त्यात नीट रोवले जातात. ऊन चढलं की तोच बर्फ भुसभुशीत होतो, पाय गुडघ्यापर्यंत रुततात, उतारावरचे थर सुटण्याची भीती वाढते. म्हणून अशा चढाया काळोखात सुरू होतात आणि सूर्य डोक्यावर यायच्या आत आटपाव्या लागतात. उंची वाढली की आणखी एक संकट येतं. आठ हजार मीटरच्या वर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश असतो, आणि तिथे पायांच्या आधी विवेक थकतो. ज्या क्षणी परत फिरण्याचा निर्णय घ्यायचा, नेमक्या त्याच क्षणी तो घेणारं डोकं सर्वांत दुबळं झालेलं असतं. गिर्यारोहकांनी यावर उपाय काढला तो परतीच्या वेळेचा. अमुक वाजेपर्यंत माथा आला नाही, तर समोर दिसत असला तरी वळायचं. १० मे १९९६ रोजी एव्हरेस्टवर ही वेळ दुपारी एक, फार तर दोन अशी मानलेली होती. बरेच जण त्यानंतरही चढत राहिले. संध्याकाळी वादळाने गाठलं आणि आठ जण गेले.

हाच आवर एका गावालाही लागतो. आता नगरजवळचं हिवरे बाजार बघा. इथे बर्फ पडत नाही. पाऊससुद्धा बेताचाच, कारण गाव पर्जन्यछायेत आहे. १९७२च्या दुष्काळानंतर उजाड झालेल्या या गावात १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावकरी कुदळ-फावडी घेऊन भोवतालच्या डोंगरांवर चढले. पाणलोटाचं काम माथा ते पायथा असंच करावं लागतं. वरून सुटलेलं पाणी वरच अडवलं नाही, तर खालचा बांध गाळाने भरतो. म्हणून आधी उतारावर सलग समतल चर, मग नाल्यांवर बांध, शेवटी शेतं. चरात थांबलेलं पाणी मुरतं, माती जागेवर राहते, गवत येतं, झाडं धरतात. श्रमदानाची ही गोष्ट महाराष्ट्राने पुष्कळ ऐकली आहे, आणि ती ऐकताना आपण कौतुक करतो ते कष्टांचं. चर खणणारी गावं पुष्कळ झाली, त्यातली अनेक पुन्हा टँकरवर आली. हिवरे बाजार टिकलं ते खणण्याच्या जोडीला घालून घेतलेल्या बंधनांमुळे. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आली, शेतीसाठी बोअर बंद झाले, ऊस आणि केळी नकोत असं ठरलं. या सगळ्यांवर कळस म्हणजे पाण्याचा ताळेबंद. पावसाळा सरला की किती पडलं, विहिरींत किती आहे, हे मोजायचं. माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं आणि उरलेल्यात कोणती पिकं बसतात ते ग्रामसभेत ठरवायचं. पाऊस कमी, तर पिकं कमी. ही मला गावाची परतीची वेळच वाटते. विहिरीत पाणी दिसत असताना, कांद्याला भाव असताना, हात आवरायचा निर्णय त्या मोहाच्या आधीच घेऊन ठेवलेला असतो.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा : चार मित्र जमले की आवर कुठला, उलट हुरूप चढतो. ‘इथवर आलोय, आता काय मागे फिरायचं’ म्हणणारा एक तरी निघतोच. हे खरं आहे, आणि हिवाळ्यातल्या ट्रेकवर धोका बहुधा इथूनच सुरू होतो. पण आधी काही न ठरवता निघालेली ती गर्दी असते. ठरवून निघालेल्यांत तेच वाक्य उच्चारायलाही संकोच वाटतो, कारण बाकीच्यांना ठरलेली वेळ ठाऊक असते. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. गावाला पोपटराव मिळाले, मोहिमेला खमका नेता मिळाला, की शिस्त येते. सोबत्यांचं श्रेय कशाला? याचं उत्तर १९९६नेच दिलं आहे. रॉब हॉल आणि स्कॉट फिशर हे आपापल्या तुकड्यांचे अत्यंत अनुभवी नेते होते, आणि दोघेही दुपारी दोननंतर माथ्याकडे चढत होते. त्यांना थांबवण्याचा अधिकार कुणालाच वाटला नाही. दोघेही परतले नाहीत. नियम एकट्या नेत्याचा असला की नेता चुकला त्या दिवशी तो संपतो. ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडण्याचं महत्त्व मला यात दिसतं. आकडा सगळ्यांना माहीत असला, तर सरपंचालाही तो मोडता येत नाही.

तिसरा आक्षेप धाडसाचा. इतका हिशेब केला तर मोठं काही घडणारच नाही, असं तरुणांना वाटतं. त्यांनी १६ जानेवारी २०२१ आठवावा. ८,६११ मीटर उंचीचं के-टू हे तोवर हिवाळ्यात न चढलं गेलेलं एकमेव आठ-हजारी शिखर होतं. वेगवेगळ्या तुकड्यांतून आलेले दहा नेपाळी गिर्यारोहक त्या दिवशी एकत्र चढत होते. पुढे असलेले माथ्याखाली काही मीटरवर, त्या जीवघेण्या थंडीत, मागच्यांसाठी थांबले आणि मग दहाही जण एकदम वर गेले. पहिलं पाऊल कुणाचं, हा मोह त्यांनी सोडला. हिवाळी गिर्यारोहणात याहून मोठं धाडस मला माहीत नाही, आणि ते आवर घातलेल्या माणसांनीच केलं.

एक फरक मात्र मान्य करायला हवा. ट्रेकला गेलेला खाली उतरून घरी येतो. गावाला उतरून जायला जागा नसते, त्याला त्याच डोंगराखाली पुढचा उन्हाळा काढायचा असतो. म्हणून गावाचा नियम गिर्यारोहकाच्या नियमापेक्षा कडक असावा लागतो आणि दरवर्षी नव्याने पाळावा लागतो.

या हिवाळ्यात बर्फाकडे निघणाऱ्या मुलामुलींना माझं एक सांगणं आहे. माथ्यावर जायच्या आदल्या रात्री, तळावर जेवण उरकलं की परतीची वेळ ठरवा, आणि ती पाळायला लावण्याचा हक्क तुमच्यातल्या सर्वांत नवख्यालाही द्या. निघण्यापूर्वी सवड काढून एकदा हिवरे बाजारला जा. नगरपासून ते जवळच आहे. डोंगरावरचे चर बघा, आणि यंदाचा ताळेबंद काय ठरला ते गावकऱ्यांना विचारा.