कुरकुर ऐकू आली की…

गाझियाबादला सायकलीचे कौतुक नवे नाही. साहिबाबादला ॲटलस कंपनीचा मोठा कारखाना १९८९ पासून होता. ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनीच, तो बंद पडला. १९५१ साली सोनीपतला सुरू झालेल्या या कंपनीचा तो अखेरचा चालू कारखाना. कारखाना थांबला, पण रस्त्यावरच्या सायकली थोड्याच थांबतात! साध्या काळ्या सायकलींच्या जोडीला आता मुलांच्या गिअरच्या सायकली धावताना दिसतात. त्यांची दुखणी मात्र वेगळी असतात.

वसुंधरा भागातल्या एका मराठी घरात असेच एक दुखणे निघाले. अकरावीतला मुलगा सायकलने क्लासला जायचा. आई-वडील दोघेही नोकरीला, त्याला नेणार-आणणार कोण? एका संध्याकाळी चढावर त्याने गिअर बदलला. गिअर नीट बसला नाही, चेन घसरली, पाय हिसडला आणि मागून येणारा टेंपो करकचून ब्रेक लावत जेमतेम थांबला. खरचटण्यावर निभावले, पण आईने निकाल देऊन टाकला, "उद्यापासून सायकल बंद!"

दुकानदाराने मागचा सगळा गिअरच बदलायला सांगितला. वडील म्हणाले, "अण्णा, एवढा खर्च करण्यापेक्षा नवीच सायकल घेऊ या."

"आधी काय झिजलंय ते तर पाहू," अण्णा म्हणाले. त्यांचे सारे आयुष्य कारखान्यात यंत्रांजवळ गेलेले. न पाहता वस्तू टाकून देणे त्यांना पटणारे नव्हते.

गिअरच्या सायकलीला मागच्या चाकाशी जो सांगाडा लोंबतो, त्याला डिरेलर म्हणतात. त्यात दोन चिमुकल्या दातेरी पुल्या असतात. वरची पुली चेनला एका चक्रावरून दुसऱ्यावर नेते, खालची चेन ताणून धरते. पुढचे मोठे चक्र एक फेरा घेते, तेवढ्यात या दहा-अकरा दात्यांच्या पुल्या तीन-चार फेरे घेतात. त्यातून त्या जमिनीच्या अगदी जवळ. दिल्लीच्या आसपासची धूळ तेलात कालवली गेली, की त्याचा पॉलिशपेपरसारखा लेप होतो आणि तोच दाते खातो.

नातवाने फडक्याने पुल्या पुसल्या. "आजोबा, हे तर करवतीसारखे टोकदार झालेत!" नव्या पुलीचा दाता माथ्यावर सपाट असतो, झिजलेला अणकुचीदार होतो. खालची पुली तर बोटाने हलवली तरी लटपटत होती. वरच्या पुलीला मात्र अनेक सायकलींत थोडी आडवी हालचाल मुद्दामच ठेवलेली असते, तेवढ्यावरून तिला खराब ठरवू नये.

अण्णांनी चेनही पट्टीने मोजली. नव्या चेनच्या बारा पूर्ण जोड्या बरोबर बारा इंच भरतात. एक-सोळांश इंचाहून अधिक वाढ असेल, तर चेन बदलण्याची वेळ झाली असे समजावे. इथे चेन ठीक होती, सांगाडाही वाकलेला नव्हता. बदलायच्या होत्या फक्त दोन पुल्या.

जुन्या पुल्या काढण्याआधी नातवाने मोबाईलवर फोटो काढून ठेवले. वरची कोणती, खालची कोणती आणि फिरण्याच्या दिशेचा बाण कुठे, याची मग चूक होत नाही. चेन तोडावी लागली नाही. एलन-कीने बोल्ट सोडवले, की पुल्या हातात येतात. दुकानात जुन्या पुल्याच नेल्या आणि दाते, जाडी व मधले भोक जुळवून नव्या घेतल्या. सांगाडा रॉकेलने जुन्या टूथब्रशने घासला, बुशला किंचित ग्रीस लावले. बोल्ट आवळायचे काम अण्णांनी स्वतः तपासले. तो सैल राहून निघाला, तर सांगाडा चाकाच्या तारांत अडकू शकतो.

मग आई खाली आली. मुलाने सोसायटीच्या आवारात सगळे गिअर बदलून दाखवले. चेन मुकाट्याने एका चक्रावरून दुसऱ्यावर जात होती.

"आधीही आवाज येत होता का रे?" तिने विचारले.

मुलगा जरा घुटमळला. "महिनाभर येत होता. सांगितलं असतं तर तू सायकल बंद केली असतीस."

आई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "जा सायकलने. पण कुरकुर ऐकू आली, की त्याच दिवशी सांगायचं. मी रागावणार नाही."

तेव्हापासून दर रविवारी पुल्या पुसायचे काम मुलाकडे आहे. कधी आवाज आलाच, तर तो आधी आईला सांगतो आणि मग अण्णांना हाक मारतो.