मुरमुरा

मुरमुरा घरी आला तेव्हा तळहातावर मावत होता. माझी मुलगी दुसरीत होती. तिच्या मामाने त्याला गोंदियाच्या बाजारातून बुटाच्या खोक्यात घालून आणलं. पांढरंशुभ्र अंग, लाल डोळे, थरथरतं नाक. खोक्यातून उतरल्यावर त्याने सगळ्यात आधी तोंड घातलं ते माझ्या आईच्या वाटीतल्या मुरमुऱ्यांत. नाव तिथल्या तिथे पडलं.

आमचं गाव मुर्री, गोंदियाला लागून. सगळा मुलूख धानाचा. दोन्ही वेळा भात, सकाळी पोहे, चार वाजता मुरमुरे. दारी आलेल्या कुणालाही रित्या तोंडी जाऊ द्यायचं नाही, हा आईचा नेम. मग घरातल्या लेकरासारख्या सशाला कोण उपाशी ठेवणार? तो मागच्या पायांवर उभा राहायचा, पुढचे दोन पाय छातीशी धरायचा, की ज्याच्या हातात जे असेल ते त्याच्यापुढे यायचं.

दोन वर्षांत तो गोल झाला. मानेखाली वळ्या आल्या. बसला की पोट दोन्ही बाजूंनी जमिनीवर पसरायचं. येणारे-जाणारे कौतुक करायचे, ‘काय गुटगुटीत आहे!’ आम्हालाही ते कौतुक वाटायचं. लहानपणी अंगणभर धावणारा, हवेत उडी मारून अंगाला पीळ देणारा हा ससा आता सारा दिवस खाटेखाली का पडून असतो, हे कुणी विचारलं नाही. वयात आला, शांत झाला, असं आम्ही समजलो.

भादव्यातल्या एका सकाळी त्याच्याभोवती माशा घोंगावताना दिसल्या. उचलून पाहिलं, तर शेपटीखालचे केस विष्ठेने लडबडलेले. कोमट पाण्याने धुतलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्याला टोपलीत घालून पशुवैद्यांकडे नेलं.

डॉक्टरांनी आधी हात फिरवला. माझी बोटं धरून त्याच्या बरगड्यांवर ठेवली. म्हणाले, ‘फासळ्या शोधा.’ मऊ रजईत हात घातल्यासारखं वाटलं, हाडं सापडेनात. काट्यावर ठेवलं. ३ किलो ४०० ग्रॅम. ‘याच्या हाडापेराला सव्वादोन-अडीच किलो पुरे,’ ते म्हणाले. अंगावर जवळजवळ तिसरा हिस्सा ओझं जास्त होतं.

मग त्यांनी जे सांगितलं, ते मला आधी ठाऊकच नव्हतं. ससा दोन तऱ्हेची विष्ठा टाकतो. कोरड्या गोल लेंड्या आपण पाहतो. दुसरी मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या बारीक घोसासारखी असते. ती तो खाली पडू देत नाही. मान वळवून थेट तोंडाने उचलतो आणि गिळतो. त्याच्या आतड्यातल्या पिशवीत जिवाणूंनी तयार केलेली ब जीवनसत्त्वं आणि प्रथिनं तिच्यातून त्याला परत मिळतात. ते त्याचं अन्नच. आमच्या मुरमुऱ्याची मान पोटाच्या आडून तिथवर पोचतच नव्हती. भात-पोह्यांच्या पिठूळपणाने ती विष्ठाही पातळ झाली होती. तिथे माशी अंडी घालते, अळ्या पडतात, आणि बघता बघता त्या जनावराचं मांस पोखरतात. आम्ही वेळेत पोचलो होतो, एवढंच.

घरी आल्यावर बाबूजी म्हणाले, ‘दोन दिवस उपासी ठेव त्याले, आपोआप उतरते.’ माणसाचा इलाज त्यांनी सशाला लावला. पण डॉक्टरांनी नेमकी तीच ताकीद दिली होती. सशाचं पोट सतत चालू राहावं लागतं. तो ओकू शकत नाही. दहा-बारा तास तोंडात काही गेलं नाही, तर आतडी थंडावतात. लठ्ठ सशाला उपास घडला, तर अंगावरची चरबी यकृतात जाऊन बसते आणि तो दगावतो. वजन उतरवायचं ते आठवड्याला तीस-चाळीस ग्रॅमने, त्याहून घाईने नाही.

त्या रात्री मुलीने पाटी घेतली. दिवसभरात कोणी काय दिलं, ते प्रत्येकाला विचारून लिहिलं. सकाळी आईकडून पोह्यांची मूठ. बाबूजींकडून चहात बुडवलेलं बिस्कीट. माझ्याकडून केळ्याचा तुकडा. दुपारी बायकोकडून भाताची ढेप. शेजारच्या काकूंकडून गाजर. चार वाजता मुरमुरे. रात्री मुलीकडून गुळाचा खडा. प्रत्येकाने जरासंच दिलं होतं. पाटी मात्र खालपर्यंत भरली होती, आणि तिच्यावर गवताची एकही काडी नव्हती.

आई बराच वेळ पाटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘मुकं जनावर हाये म्हणून देल्लं रे.’ तिच्या आवाजातली ती खंत मी विसरलेलो नाही. आम्ही सगळ्यांनीच प्रेमाने दिलं होतं. ते प्रेम त्याच्या पोटाला विचारून दिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून गवत सुरू झालं. सशाच्या जेवणात दहातले आठ वाटे गवताचे हवेत. त्याचे दात जन्मभर वाढतात. भरड गवत चावून चावूनच ते झिजतात. मुरमुरे जिभेवर विरघळतात, त्यांनी दात झिजत नाहीत की आतडं हलत नाही. आमच्या बांधीच्या धुऱ्यावर गवताला तोटा नव्हता. मात्र धानावर तुडतुड्याची फवारणी झालेली असेल, तर त्या बाजूचं पातंही आणायचं नाही, असं ठरवलं. फवारणी न झालेल्या पडीतलं गवत कापलं, ऑक्टोबरच्या उन्हात गच्चीवर पसरून खडखडीत वाळवलं, पोत्यांत भरलं. ओल लागून बुरशीचा वास आलेला पेंढा बाजूला काढला. धानाचं तणीस खाली अंथरायला ठेवलं. त्यातल्याही काड्या तो चघळायचा, पण तणसात सत्त्व कमी, म्हणून पोटाचा भार गवतावरच. जोडीला कोथिंबीर, मुळ्याचा पाला, अंगणातल्या दुर्वा. गाजर आठवड्यातून एकदा, अंगठ्याएवढं.

पहिले काही दिवस अवघड गेले. तो गवत हुंगायचा आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन दोन पायांवर उभा राहायचा. आई तोंड फिरवून चुलीकडे बघत बसायची. धान्य एकदम तोडलं नव्हतं, रोज थोडं थोडं कमी केलं होतं, आणि लेंड्या मोजायचं काम मुलीचं होतं. लेंड्या घटल्या की डॉक्टरांना फोन. महिनाभराने लेंड्या मोठ्या, फिकट, गवताळ पडू लागल्या. डॉक्टर म्हणाले, ‘आता गाडी रुळावर.’

हालचालीचा प्रश्न उरला होता. शेजाऱ्यांपैकी एकाने सुचवलं, ‘नागझिऱ्याच्या जंगलात सोडून दे, पळून पळून वाळेल.’ पण जंगलातला ससा आणि घरातला ससा हे दोन वेगळे प्राणी. आपला रानससा उघड्यावर जन्मतो, अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच. घरचा ससा युरोपातल्या बिळात राहणाऱ्या जातीचा, जन्मतो तो बिनकेसांचा आणि मिटलेल्या डोळ्यांचा. जंगलात तो एक रात्र काढणार नाही.

घरात तो का हलत नाही, हे फरशीकडे पाहिल्यावर कळलं. सशाच्या तळव्यांना कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या नसतात, नुसते केस असतात. गुळगुळीत टाइल्सवर त्याचे पाय सटकायचे, म्हणून तो हलायचं टाळायचा. बसून बसून मागच्या टाचांचे केसही गेले होते, कातडी लाल झाली होती. राइस मिलमधून जुना बारदाना आणला आणि ओसरीपासून अंगणापर्यंत पोती पसरली. पाय रोवायला जमीन मिळाली, आणि त्याच संध्याकाळी तो खाटेखालून आपणहून बाहेर आला.

ससा पहाटे आणि दिवेलागणीला जागा असतो. त्या दोन वेळा त्याच्या फिरण्याच्या ठरल्या. वाटी बंद केली. पाला अंगणात चार कोपऱ्यांत ठेवायचो, म्हणजे चार ठिकाणी जावं लागे. खोक्यांना दोन्हीकडून भोकं पाडून मुलीने बोगदा केला, त्यात गवत कोंबलं. ते ओढून काढण्यात त्याचा तासभर जायचा. मांजरं येतात म्हणून तो बाहेर असताना कुणीतरी जवळ बसायचं. बाबूजींनी ते काम स्वतःकडे घेतलं.

दर रविवारी किराणा दुकानाच्या काट्यावर टोपलीसकट वजन, टोपलीचं वजा, आणि आकडा कॅलेंडरवर. ३ किलो ३७०. ३ किलो ३३०. दिवाळीत एका रविवारी आकडा तसाच राहिला, शंकरपाळा कोणी दिला ते आईने स्वतः कबूल केलं. संक्रांतीपर्यंत तो तीन किलोच्या खाली आला. शेपटीखालचा भाग कोरडा राहू लागला. वैशाखात, आठ महिन्यांनी, काटा २ किलो ४०० वर थांबला. बरं झालं, कारण मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता कानांवाटे जाते. चरबीचं पांघरूण घेऊन त्याने तो उन्हाळा कसा काढला असता, कोण जाणे. कूलरसमोर, फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाच्या बाटलीला टेकून त्याने तो सुखाने काढला.

पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी अंगणात ओल्या मातीचा वास होता. मुरमुरा पोत्यावरून धावत गेला, वळला, आणि हवेत उडी मारून अंगाला पीळ दिला. आई दारात उभी होती. ‘पाह्य रे, पाह्य!’ एवढंच ती म्हणाली आणि पदराने डोळे टिपले.

त्यानंतर तो पाच वर्षं जगला. आठव्या वर्षी, थंडीतल्या एका पहाटे, आपल्या गवतात मान टेकून गेला. कुणाच्या घरी ससा असेल, तर एवढंच करा: त्याच्या बरगड्यांवरून बोटं फिरवून बघा, आणि एक दिवस पाटी मांडा.

ती कॅलेंडरं मुलीने जपून ठेवली आहेत. शेवटच्या रविवारची नोंद आहे २ किलो ३५० ग्रॅम.