चुन्याच्या गतीने

ग्वाल्हेरच्या थंडीची कल्पना पुण्या-मुंबईच्या आप्तांना फोनवरून देता येत नाही. जानेवारीत पारा तीन-चार अंशांपर्यंत उतरतो, धुके दुपारपर्यंत हटत नाही, आणि एकदा गारठलेल्या दगडी भिंती पुन्हा ऊब धरायला आठवडे घेतात. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी येथे स्थिरावली आणि वस्तीला लश्कर हेच नाव पडले. छावणीमागून आलेल्या कुटुंबांनी पुढे पक्की घरे बांधली. चौक, माजघर, माडी ही ठेवण त्यांनी दक्षिणेतून आणली. छताला मात्र इथल्याच वालुकाश्माच्या लांब पटिया घातल्या. आमचे घर त्यांपैकीच एक.

अशा घरांचा खरा शत्रू ओल. पायात ओल अडवणारा थर नसल्याने जमिनीतले पाणी भिंतीत चढते. चुन्याचा गिलावा ते हवेत सोडून देतो, म्हणून जुन्या भिंती ओल्या होत आणि वाळतही. मागच्या पिढीत आमच्या माजघराला छातीइतक्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा झाला. त्या काळी ती सुधारणाच समजली जाई. पण बाहेर पडण्याची वाट बंद झाल्यावर पाणी वर सरकले आणि सिमेंटच्या कडेवर लोणा फुलू लागला. आम्ही तिला ‘ओल’ म्हणतो, आमचे मिस्त्री ‘सीलन’ म्हणतात. दमेकऱ्याच्या छातीला दोन्हींचा अर्थ सारखाच कळतो. आम्हा दोघांपैकी एकीला दहा वर्षे दमा आहे. पुढचा हिवाळा या खोलीत काढू नये, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. घर विकून पुण्यात दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यावा, हे मुलांचे म्हणणे तर जुनेच होते.

सप्टेंबर २०२४ मध्ये या भागात अतोनात पाऊस झाला. १२ सप्टेंबरला दतियात जुन्या तटाची भिंत घरांवर कोसळून सात माणसे गेली. ती बातमी वाचून आम्ही दोघे आपापल्या परीने भिंती चाचपून आलो आणि चहा घेताना एकमेकांना ते सांगितले. भिंती उभ्या होत्या. एक हिवाळाभर घराला संधी द्यावी, माजघर सुधारले तर राहावे, नाही तर मुलांचे ऐकावे, एवढे त्या दिवशी ठरले.

अनंत चतुर्दशीनंतर चौकातल्या जुन्या हौदात कळीचा चुना भिजवला. कळी पाण्यात पडताच उसळते, वाफा येतात, तासाभरात दगडाचे दही होते. ते पाण्याखाली झाकून ठेवावे लागते. जितके मुरेल तितके चिकण. दसऱ्यापर्यंत पंचवीस दिवस मिळाले. तेवढ्यात विटांची सुरखी चाळून घेतली, पटियांच्या सांध्यांसाठी बेलफळाचा गर आणि गुळाचे पाणी यांची तजवीज केली.

दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, छिन्नी लावली. रोजची नोंद आम्ही एका वहीत ठेवीत गेलो. पहिल्या चार दिवसांत पूर्वेची भिंत मोकळी झाली. सिमेंटच्या खपल्यांमागून ओल्या मातीचा वास आला, पाठोपाठ पातळ विटा दिसल्या. पाचव्या दिवशी एक बुजवलेला कोनाडा सापडला. त्याच्या माथ्यावर दिव्याची काजळी जशीच्या तशी होती. घरातल्या कोणाही हयात माणसाला तो ठाऊक नव्हता. मिस्त्रींनी विचारले, “भर दें क्या, बाऊजी?” आम्ही दोघेही एकदमच नको म्हणालो.

उघड्या भिंती दहा दिवस नुसत्या वाळू दिल्या. मग पहिला थर आला. चुन्याचा थर अर्ध्या इंचाहून जाड चालत नाही, आणि तो धरल्याशिवाय दुसरा देता येत नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होत जातो. या कामाला वेळ लागतो आणि तोवर ओलावाही लागतो. त्यातच मिस्त्री मुरैन्याकडच्या आपल्या गावी मोहरीच्या पेरणीला गेले. मधले आठ दिवस गोणपाट भिजवून भिंतीला लावण्याचे काम आमच्याकडे आले. सकाळी, दुपारी आणि दिवे लागताना. एकाने बादली उचलावी, दुसरीने नाकावर पदर धरून गोणपाट सारखे करावे. बोटे फुटली, खोबरेल लावून झोपलो. वहीत त्या आठवड्यात “पाणी तीन वेळा” याखेरीज काही नाही.

दिवाळीत पूर्वेची भिंत पुरी झाली, त्रिपुरी पौर्णिमेला दक्षिणेची. पटियांचे सांधे भरून झाले, खिडक्यांच्या फटी बुजल्या. उत्तरेची भिंत तेवढी राहिली, आणि डिसेंबर लागला. रात्री इतक्या गार झाल्या की ताजा चुना धरेना. त्या वर्षीच्या तानसेन समारोहाचे शंभरावे वर्ष असल्याने नागपूरहून पाहुणे येणार होते. चार दिवसांत सिमेंट मारून भिंत झाकता येईल, असे आमच्यापैकी एकाचे मत पडले. दुसरीचे म्हणणे असे, की जिच्या श्वासासाठी हा खटाटोप चालला आहे तिला पाहुण्यांपुढे उघड्या विटांची लाज नाही. दोन दिवस घरात मोजकेच बोलणे झाले. शेवटी भिंत उघडी राहिली.

मग थंडीचे काय, हा प्रश्न उरलाच. त्याचे उत्तर घराच्या ठेवणीतच होते. जुने लोक सगळे घर एकसारखे ऊबदार करू पाहत नसत, ते ऋतूप्रमाणे खोली बदलीत. उन्हाळ्यात खालचे थंड माजघर, हिवाळ्यात दक्षिणेचे ऊन येणारी माडी. एका जागी पलंग पक्का करण्याची सवय आमच्याच काळातली. आम्ही पलंग माडीवर नेला आणि दुपारी माजघराच्या खिडक्या उघड्या ठेवू लागलो. पाहुण्यांनी उघडी भिंत पाहिली, कोनाड्यात निरांजन लावले आणि मैफलीला निघून गेले.

त्या हिवाळ्यात रात्री उठून बसण्याचे प्रसंग आले, पण आदल्या वर्षाइतके नाहीत. श्रेय माडीच्या उन्हाचे की वाळत्या भिंतींचे, हे आम्ही ठरवीत बसलो नाही. मार्चमध्ये मुले आली. भिंतीला तळहात लावून पाहिला, फ्लॅटचा विषय निघाला नाही. ती थंडी सरल्यावर उत्तरेच्या भिंतीलाही चुना लागला. तिच्या पायाशी वीतभर पट्टा अजून दमट आहे. चुना हौदात आहे, मिस्त्रींना पेरणी आटोपून येण्याचा निरोप गेला आहे.